वजा करायचा उजेड

माथारपाखाडी, रात्री एक वीस.
तक्रार क्रमांक एकशे सत्तावीस: नवा दिवा फार पांढरा.
तक्रारदार फिलोमिना डिमेलो, वय एक्क्याऐंशी,
लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, गाऊनवर शाल,
जणू दिवा पळून जाईल म्हणून राखणीला बसलेली.

मी रस्त्यावर उकिडवी बसते, मीटर ठेवते.
आधी झाकण लावून शून्य बघायचं,
हे खानोलकर साहेबांनी शिकवलेलं:
काळोख नीट लागला तरच उजेड खरा येतो, पोरी.
शून्य लागलं. झाकण काढलं. उभी राहिले.
अकरा पूर्णांक चार लक्स.

दिवा नियमात बसतो, मी सांगते.
बाई म्हणतात, तुझा नियम माझ्या डोळ्यात बसवून दाखव.
पिवळ्या दिव्याखाली साडेसातला एक पाल यायची,
जाडी, शेपटी तुटलेली.
तीसुद्धा येत नाही आता.
पालीसाठी रकाना नाही माझ्याकडे.

पण अकरा पूर्णांक चार हे एकट्या खांबाचे नव्हेत.
मीटरच्या डोक्यावर रुपयाएवढी पांढरी टिकली असते,
पडेल तो उजेड ती घेते, एकात एक मिसळते,
देवळातल्या पेटीसारखी,
नाणं कुणाचं ते विचारत नाही.
म्हणून खांब बंद करायचा,
मागे उरेल ते मोजायचं,
आणि वजा करायचं.

गावकर वायरमन खांबाच्या पोटात हात घालतो.
खट्.

आधी काहीच नाही.
मग एक कठडा. मग कौलांची कड.
मग बाईंचे पांढरे केस, नुसते केस, खाली बाई नाहीत.

शून्य पूर्णांक नऊ.

रकाना नखाएवढा, वर छापलंय: इतर स्रोत.
मी मनातल्या मनात फोड करू लागते.
दोन दशांश आभाळाचे,
गोदीतल्या क्रेनपासून पार भायखळ्यापर्यंतची सगळी उधळपट्टी
ढगांना खालून लागून परत आलेली.
तीन दशांश त्या वरच्या खिडकीचे,
एवढ्या रात्री ट्यूब जाळते ती परीक्षा, नाहीतर आजारपण.
क्रूसापुढची मेणबत्ती दोन मीटरवर, तिचा पाव लक्स.
एक मीटरवर असती तर पुरता एक.
अंतर दुप्पट, उजेड चौपट कमी, हे पाठ आहे मला.
माझा भाऊ ऑकलंडला असतो.
त्याचं गणित मी करत नाही.

दीड दशांश सापडत नाहीत.

अगं, मागे बघ, बाई म्हणतात.
मागे परेरांचं घर. कुलूप लावून चौदा वर्षं झाली,
व्हरांड्यात एक पिवळा बल्ब,
बिल कॅनडातून भरतात.
आणि बल्बच्या आणि मीटरच्या मधोमध
मी.

बाजूला सरकते.
एक पूर्णांक एक.

म्हणजे मघाचं अकरा पूर्णांक चारही चूक,
तेव्हाही मी तिथेच उभी होते.
सतरा वर्षं मोजतेय रस्ते, शिवडी, रे रोड, दारूखाना,
किती ठिकाणी माझी सावली धरून आकडा लिहिला
देव जाणे, नाहीतर खातं.

बाई विचारतात, मग दोन दिवे लावले तर दुप्पट होईल का?
मीटरला होईल, मी म्हणते, डोळ्याला नाही.
डोळा चिक्कू असतो, दुपटीला थोडंसंच जास्त म्हणतो.
आणि कमी केलं तर?
तेव्हाही थोडंसंच कमी.
मग चिक्कू कसा, बाई म्हणतात, भला आहे की.

आता जिन्याच्या सगळ्या पायऱ्या दिसताहेत.
बाईंच्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत.
परेरांच्या बल्बखाली, भिंतीवर,
काहीतरी हललं. पाल असेल, नसेलही.

म्याडम, लावू का? गावकर विचारतो.
थांब, मी म्हणते, आकडा अजून स्थिर नाही.

तो केव्हाचा स्थिर आहे.